जुनी पॉलिसी आधी चालू करा, नवी त्यानंतर रद्द करा

प्रश्न : कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. मी, बायको, दोन मुलं आणि 71 वर्षांची आई अशी पाच जणांची मिळून एकच, पाच लाखांची आरोग्य विम्याची फॅमिली फ्लोटर पॉलिसी तीन वर्षं चालवली. घेताना मला शुगर आहे हे लिहून दिलं होतं. यंदा हप्ता 58 हजारांवर गेला. तालमीतल्या ओळखीच्या एजंटानं दुसऱ्या कंपनीची पाच लाखांचीच पॉलिसी 24 हजारांत करून दिली. जुनी 2 तारखेला संपली, नवी 5 तारखेला मोबाइलवर आली. काल, 15 तारखेला, सासऱ्यांनी कागद वाचले, तर मधुमेहापुढं ‘नाही’ आणि आईचं नावच नाही. एजंट म्हणतो, ‘काय होत न्हाई पाव्हणं, पाच वर्षं काढा, मग कंपनी हात लावू शकत न्हाई.’ आता गप्प बसू की काही करू?

उत्तर : गप्प बसू नका. तुमच्या सासऱ्यांनी वेळेत कागद उघडले म्हणून तुमच्या हातात अजून दोन मुदती शिल्लक आहेत आणि दोन्ही याच महिन्यात धावताहेत.

पहिली मुदत जुन्या पॉलिसीची. वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्याला मुदत संपल्यावर 30 दिवसांचा ग्रेस पीरियड असतो. तेवढ्यात हप्ता भरला तर पॉलिसी सलग धरली जाते. मधल्या दिवसांत कुणी ॲडमिट झालं तर तो खर्च मात्र मिळत नाही. दुसरी मुदत नव्या पॉलिसीची. कागद हातात, म्हणजे तुमच्या बाबतीत मोबाइलवर, आल्यापासून 30 दिवसांत ती ‘फ्री लूक’खाली परत करता येते. गेलेल्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत मिळतात.

क्रम चुकवू नका. आधी जुन्या कंपनीत पैसे भरा, रिन्युअलचा कागद हातात घ्या आणि मगच नवी रद्द करा. उलटं केलंत आणि जुन्या कंपनीनं काही खुसपट काढलं, तर घरच उघड्यावर पडेल. महिनाअखेरच्या भरवशावर राहू नका, याच आठवड्यात भरा.

जुन्या पॉलिसीत इतकं काय आहे? तुम्ही पाठवलेल्या प्रतीत आधीपासूनच्या आजारांसाठी 36 महिन्यांची प्रतीक्षा लिहिली आहे, तोवर त्या आजारांचा खर्च मिळत नाही. तुमचे 36 महिने याच महिन्यात, 2 तारखेला पूर्ण झाले. तीन वर्षं हप्ते भरले ते शुगरमुळे काही उद्भवलं तर पैसे मिळावेत म्हणून, आणि ते मिळायची वेळ आली तेव्हाच तुम्ही पॉलिसी सोडायला निघालात. कंपनी बदलायचीच होती तर पोर्ट करायची होती, म्हणजे जुनी पॉलिसीच दुसऱ्या कंपनीत न्यायची होती. त्यासाठी मुदत संपण्याच्या किमान 45 दिवस आधी अर्ज द्यावा लागतो आणि जुनी वर्षं सोबत येतात. एजंटानं पोर्ट न करता कोरी पॉलिसी काढली, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आता त्याच्या पाच वर्षांच्या हिशेबाकडे येऊ. त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. सलग 60 महिने पूर्ण झाले की माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, 2024 मध्ये ती पाचवर आली. पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ही सवलत नाही, हे तो सांगत नाही. तुमच्या बाबतीत फसवणूक सिद्ध करणं कंपनीला अवघडही नाही. तीन वर्षांपूर्वी तुम्हीच मधुमेहापुढं ‘होय’ लिहून सही केली आहे. ज्याला आजार माहीत होता त्यानं पुढच्या फॉर्मवर ‘नाही’ म्हटलं, एवढंच त्यांना दाखवायचं आहे. नव्या फॉर्मसाठीचा ओटीपी तुम्ही दिलात म्हणजे सही तुमचीच.

सर्वोच्च न्यायालयाचे या विषयावरचे दोन निकाल शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत, आणि योगायोगानं दोन्हींत मधुमेहच आहे. सतवंत कौर संधू प्रकरणात (2009) विमाधारकानं जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार सांगितला नव्हता. कंपनीनं क्लेम नाकारला तो न्यायालयानं योग्य ठरवला. मनमोहन नंदा प्रकरणात (2021) माणूस अमेरिकेला गेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्याला त्रास सुरू झाला, स्टेंट बसले. कंपनीनं आधीचे आजार पुढं करून क्लेम नाकारला. त्यानं मधुमेह फॉर्ममध्ये लिहिला होता. माहिती असूनही पॉलिसी दिलीत, आता त्याच कारणावर हात झटकता येणार नाहीत, असं न्यायालयानं कंपनीला सुनावलं आणि क्लेम मिळाला.

एजंटाचा ‘साखरेचं घालू नका, हप्ता वाढतोय’ हा व्हॉट्सॲप मेसेज तुम्ही मला पाठवलात. तो पुसू नका. पण तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे या समजुतीतही राहू नका. त्यातून एजंटाचा लबाडपणा दिसतो, तसंच तुम्हाला सगळं माहीत होतं हेही दिसतं. म्हणूनच तुम्ही स्वतःहून आणि लेखी मागं फिरणं महत्त्वाचं.

नवी पॉलिसी स्वस्त का, तेही बघा. आई वगळली हे एक कारण. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, त्यामुळं 58 आणि 24 हजार ही तुलनाच चुकीची. दुसरं कारण पान 9 वर आहे : खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का. म्हणजे दिवसाला 5,000. तुम्ही 8,000 ची खोली घेतलीत तर वरचे तीन हजार गेलेच, शिवाय डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीशी जोडलेले खर्चही पाच अष्टमांशच मंजूर होतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यातून सुटतात. दोन लाखांच्या अशा खर्चात 75 हजार तुमच्या खिशातून.

58 हजार झेपत नाहीत ही तुमची अडचण खरी आहे. रिन्युअलची नोटीस पुन्हा वाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे. आकड्यात तो धरला असेल तर काढायला लावा. मग कंपनीकडून दोन दर लेखी मागवा : आहे तसं, आणि आईची त्याच कंपनीत जुनी वर्षं धरून स्वतंत्र पॉलिसी केली तर. दोन-तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर यंदा आहे तसंच भरून टाका, पुढच्या वर्षी दोन महिने आधी हा विषय काढू.

आईला विम्यातून पूर्ण काढायचा विचार असेल तर आधी त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. सत्तरी पूर्ण केलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. आधार कार्डावरचं वय धरतात, त्यावरची जन्मतारीख बरोबर आहे ना ते बघा. राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबांना महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आहे, तिची मर्यादा आता पाच लाख झाली आहे. पण दोन्हींत ठरलेले उपचार आणि यादीतली रुग्णालयंच चालतात. आईंचं नेहमीचं हॉस्पिटल यादीत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, प्रत्यक्ष जाऊन विचारा. माझं मत विचाराल तर निदान हे एक वर्ष आईंना विम्यात ठेवा. 71 व्या वर्षी बाहेर काढलेल्या माणसाला पुन्हा आत घेताना कंपन्या फार खळखळ करतात.

जुनी कंपनी रिन्युअल नाकारेल असं वाटत नाही. हप्ता मुदतीत येत असताना, आधी क्लेम घेतले म्हणून तिला नाही म्हणता येत नाही. तरी अडवलं तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर लिहा. महिन्याभरात दाद लागली नाही तर पुण्याला नारायण पेठेतल्या विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकीलही लागत नाही, हे मी वकील असून सांगतोय.

नव्या कंपनीला मेल तुमच्या नोंदवलेल्या आयडीवरून करा, एजंटामार्फत नाही. मजकूर एवढा पुरे : ‘पॉलिसी क्रमांक अमुक मला 5 तारखेला मिळाली. प्रस्तावातलं मधुमेहाबाबतचं उत्तर चुकीचं आहे, मला मधुमेह आहे. फ्री लूक मुदतीत मी ही पॉलिसी रद्द करत आहे, हप्ता परत करावा.’ पोच जपून ठेवा. कमिशन परत जाणार म्हटल्यावर तालमीतला दोस्त फोन करेल, ‘मी दुरुस्त करून देतो, मेल मागं घ्या’ म्हणेल. मागं घेऊ नका.