दुखत नाही म्हणून थांबू नका

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५८. लहानपणापासून उणे आठचा चष्मा आहे. परवापासून उजव्या डोळ्यासमोर काळ्या माशा उडाल्यासारखं दिसतं. रात्री अंधारात मान वळवली की कडेला वीज चमकते. दुखत अजिबात नाही, डोळा लालही नाही. पुढच्या महिन्यात नंबर तपासायला जाणारच आहे, तेव्हाच दाखवलं तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे पत्र नव्हतं, म्हणून संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन मी त्याच दिवशी फोन केला. तुम्ही लगेच गेलात, डोळ्याच्या मागच्या पडद्याला (रेटिनाला) छिद्र सापडलं आणि त्याच्याभोवती लेझरही झालं. हे तुमच्या दुसऱ्या पत्रात वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! आता लिहिते आहे ते बाकीच्यांसाठी.

डोळ्याच्या आत पारदर्शक जेली भरलेली असते. वय वाढतं तशी ती पातळ होते, आक्रसते आणि एक दिवस मागच्या पडद्यापासून सुटते. साठीच्या आसपास हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं त्यात काही बिघडत नाही. पण सुटताना ती पडद्याला ओढते. पडद्याला प्रकाश तेवढा कळतो, म्हणून ही ओढसुद्धा मेंदूला चमक म्हणूनच कळते. वेदना कळवणाऱ्या नसा पडद्यात नसतातच. तो फाटला तरी दुखणार नाही.

छिद्र पडलं की पातळ झालेलं पाणी त्यातून मागे शिरतं आणि ओल धरलेल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसा पडदा सुटू लागतो. मोठ्या उणे नंबरवाल्यांचा पडदा कडेला पातळ असतो, त्यांनी जास्तच जपायचं. नुसतं छिद्र असेल तर लेझरनं काम भागतं, माणूस त्याच दिवशी घरी जातो. पडदा सुटला तर मात्र ऑपरेशन लागतं. आपण वाचतो तो मधला भाग चिकटलेला असतानाच ते झालं तर नजर बहुधा टिकते. तो भाग सुटल्यावर पडदा जागेवर बसवता येतो, पण नजर पहिल्यासारखी होईलच असं सांगता येत नाही.

म्हणून माशा अचानक वाढल्या, चमक दिसू लागली किंवा कडेकडून सावली सरकत आत आली, तर त्याच दिवशी दाखवा. एकेक डोळा झाकून बघा, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो. तपासताना बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

प्रश्न : छिन्नीवर हातोडी मारताना भावाच्या डोळ्यात काहीतरी उडालं. क्षणभर टोचलं, मग थांबलं. चार दिवसांनी आता जरा धूसर दिसतंय. कुठले थेंब घालू?

उत्तर : कुठलेच नाही. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. लोखंडावर लोखंड आपटलं की बारीक कण गोळीसारखा सुटतो आणि डोळ्यात घुसतो. जखम इतकी लहान असते की तिथल्या तिथे मिटते. असाच एक तरुण मला आठवतो. ‘काही नाही हो, कचरा गेला असेल’ म्हणत तो समोर बसला होता. बुबुळाच्या कडेला केसाएवढी रेघ होती आणि बाहुली गोल नव्हती, थेंबासारखी त्या रेघेकडे ओढली गेली होती. कण आत पडद्याजवळ होता.

आत राहिलेलं लोखंड गंजतं आणि महिन्यामहिन्यानं नजर खातं. डॉक्टरांना ‘हातोडी मारत होतो’ हे स्वतःहून सांगा. सीटी स्कॅनमध्ये कण दिसतो. एमआरआय करायचा नाही, चुंबकानं कण आतल्या आत हलू शकतो. तोवर डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊही नका. कागदी कपाचं बूड कापून डोळ्यावर असं ठेवा की ते भोवतीच्या हाडावर टेकेल, डोळ्याला लागणार नाही. ऑपरेशन करावं लागेल म्हणून वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका. बाहेर काही रुतलेलं दिसलं तरी ते उपसू नका.

प्रश्न : साफसफाईचं औषध डोळ्यात उडालं तर आधी दवाखाना की आधी पाणी?

उत्तर : पाणी, आणि त्याच क्षणी! नळाखाली, मगानं, जसं जमेल तसं, पापण्या बोटांनी ताणून उघड्या धरून अर्धा तास. डोळा मिटायला बघेल, दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताधुता काढा. ॲसिड गेलं म्हणून सोडा घालायचा, असले उपाय नकोत. चुना, सिमेंट, नाल्या मोकळ्या करायची पावडर ही ॲसिडपेक्षा वाईट. ॲसिड बहुतेक वरचा थर भाजून अडतं, हे पदार्थ मात्र थर विरघळवत आत उतरत राहतात. चुन्याचे कण वरच्या पापणीखाली चिकटून बसतात, ते डॉक्टर पापणी उलटून काढतील. धुऊन झालं की निघा, आणि औषधाची बाटली बरोबर घ्या.