रझांचा बिंदू लेकीच्या शिक्षणासाठी घ्यावा का?

प्रश्न: आम्ही दोघं नोकरीत, मुलगी आठवीत. बोनस आणि मुदत संपलेली एक एफडी मिळून सहा लाख हाताशी आहेत. वेगळा आपत्कालीन निधी नाही, गृहकर्ज चालू आहे. चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या बिंदूच्या चित्राची सेरिग्राफ, म्हणजे जाळीतून छापलेली प्रत, सही असलेली, १०० पैकी ४३ वी, १,८०,००० रुपयांना मिळतेय. पाच वर्षांत दुप्पट होईल, असं गॅलरीवाले सांगतात. यजमानांना चित्र फार आवडलंय. मुलीच्या कॉलेजच्या वेळी विकता येईल, म्हणून घ्यावं का?

उत्तर: ताई, गॅलरीवाल्यांचा शब्द खरा ठरला असं धरूनच हिशेब करू. पाच वर्षांनी तुम्ही प्रिंट लिलावाला दिली आणि घेणाऱ्याला ती ३,६०,००० रुपयांना पडली. बरोब्बर दुप्पट. पण यात लिलावगृहाचा खरेदीदाराकडून घेतला जाणारा प्रीमियम आहे. तो २० टक्के धरला, तर प्रत्यक्ष बोली ३,००,००० ची. जीएसटी मी धरलेलाच नाही. मग तुमच्याकडून विक्रीचं कमिशन, समजा १५ टक्के. हातात उरले २,५५,०००. तेच १,८०,००० सात टक्क्यांच्या एफडीत तिमाही चक्रवाढीनं पाच वर्षांत २,५४,००० च्या पुढे जातात. म्हणजे किंमत दुप्पट होऊनही तुम्ही जेमतेम एफडीच्या बरोबरीला.

एका बाबतीत चित्राचं पारडं जड आहे. एफडीच्या व्याजावर तुमच्या स्लॅबनं कर लागतो, तर चित्र २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के, वर सेस. घरातली वस्तू म्हणून चित्र करातून सुटत नाही, तेव्हा बिल जपून ठेवा.

आता दुप्पट होईल का, हा प्रश्न. रझांचं ‘जेस्टेशन’ २०२३ साली मुंबईच्या लिलावात ५१.७५ कोटींना गेलं, आणि असा आकडा छापून आला की प्रिंट विकणाऱ्यांना हुरूप येतो. पण ते कॅनव्हासवरचं एकमेव चित्र. तुमच्या ४३ व्या प्रतीला स्पर्धा आहे ती उरलेल्या ९९ प्रतींची, शिवाय ‘ए.पी.’ म्हणजे कलाकारानं स्वतःसाठी राखलेल्या प्रतींची. त्या शंभरात धरत नाहीत. तेच चित्र दुसऱ्या आकारात किंवा कॅनव्हासवर छापून वेगळी आवृत्ती काढलीय का, हेही विचारा. अवघड प्रश्न एकच विचारायचा असेल तर हा विचारा: ‘दोन वर्षांनी परत आणली तर किती द्याल, लिहून देता का?’

चित्र म्हणून मात्र यजमानांची नजर चांगली आहे. रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या ग्रुपच्या संस्थापकांपैकी ते एक, आणि १९५० मध्ये फ्रान्सला गेले. शाळेत मन भरकटतं म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसवलं, ही त्यांनीच सांगितलेली बिंदूची गोष्ट. त्यांचे ठळक, भूमितीचे आकार सेरिग्राफीला मानवतात. इथे प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते. शाई जाळीतून दाबून कागदावर उतरवायची, सुकू द्यायची, मग पुढचा रंग. एक जाळी केसभर सरकली तरी वर्तुळाची कड फाटते.

म्हणूनच हातात घेऊन बघा. प्रिंट उजेडात तिरकी धरली की काळ्या बिंदूच्या कडेला शाईचा थर जाणवायला हवा. भिंगाखाली सगळीकडे बारीक फवाऱ्यासारखे ठिपके दिसले तर ती इंकजेट प्रिंटरवर काढलेली आहे, आणि तिला सेरिग्राफचा भाव द्यायचा नाही. सही पेन्सिलची हवी. रझा जुलै २०१६ मध्ये गेले, त्यामुळे आवृत्तीचं साल त्यानंतरचं आणि खाली त्यांची सही असेल तर तिथूनच परत फिरा. २००९ मध्ये दिल्लीत स्वतःच्या प्रदर्शनाला गेलेल्या रझांना भिंतीवर बनावट चित्रं सापडली होती. खुद्द चित्रकार हयात असताना ही तऱ्हा, तर नुसत्या प्रमाणपत्रावर किती विसंबायचं? कागदाच्या कडा कापलेल्या किंवा प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवलेली असेल तरी पुढं भाव पडतो. पावसाळ्यात कागदावर तपकिरी डाग पडतात, तेही फ्रेमबाहेर काढूनच दिसतात.

तर माझं मत: यंदा घेऊ नका. सहापैकी चार लाख आपत्कालीन निधी म्हणून बाजूला काढा. कर्जाचा हप्ता चालू असताना हा निधी नसणं मला त्या प्रिंटपेक्षा जास्त खटकतं. उरलेले दोन मुलीच्या नावाने एफडीत ठेवा, हवं तर जोडीला रिकरिंग सुरू करा. पाच वर्षांत लागणाऱ्या पैशाला शेअर बाजारही नको, चित्रबाजार तर नकोच. ‘शेवटची प्रत आहे’ असं ऐकवतील, पण रझांच्या सेरिग्राफ लिलावांत आणि गॅलऱ्यांत येतच असतात. पुढच्या बोनसमधून, विकायचा विचार डोक्यात न ठेवता, दिवाणखान्यासाठी म्हणून खुशाल घ्या. तेव्हा घासाघीसही करा, छापील किमतीत ती जागा असते. आणि टांगताना समोरून ऊन येणारी भिंत टाळा.