पापलेट एवढंसं का? समुद्राविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (दादर): जुलैच्या उधाणात चौपाटीवर कचऱ्याचा खच पडतो. तो येतो कुठून?

बहुतेक आपल्याच घरांतून. नाल्यात टाकलेलं सगळं मिठी नदी, माहीमची खाडी, मालाडची खाडी अशा वाटांनी समुद्रात जातं. पावसाळी वारे आणि मोठी भरती तेच परत आणून टाकतात. पिशव्या-चपलांमध्ये काळे डांबराचे गोळेही दिसतील. ते मात्र समुद्रात सांडलेल्या तेलाचे. पायाला चिकटले तर खोबरेल तेलाने पुसा.

प्रश्न (वर्सोवा): पापलेट हल्ली तळहाताएवढंच मिळतं, तेही महाग. असं का?

कारण ते वाढायच्या आतच पकडलं जातं. बारीक आसाच्या, म्हणजे लहान छिद्रांच्या, जाळ्यात पिल्लंही अडकतात. अंडी घालण्याआधीच मासा ताटात गेला, तर पुढच्या हंगामाला पिल्लं येणार कुठून? 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने 54 जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान ठरवलं. पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर आहे, म्हणजे शाळेच्या छोट्या पट्टीहून दीड सेंटीमीटर कमी. नियम आहे, पण तो धक्क्यावर पाळला गेला तरच उपयोग. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद म्हणून डोलवाला (पिशवीसारखं डोल जाळं लावणारा) कोळी होडी वर ओढून ठेवतो, घर कसंबसं चालवतो. मग हंगामात कुणी 2017 पासून बंदी असलेले एलईडी दिवे लावून मासळी गोळा करतो, आणि या डोलवाल्याच्या जाळ्यात काही उरत नाही. मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा. तुमच्या हाती एक गोष्ट आहे. कोळीणमावशींना स्पष्ट सांगा, 'छोटी नकोत, मोठी आली की ठेवा.' गिऱ्हाईक घेईना झालं की तो माल आपोआप कमी येतो.

प्रश्न (मुलुंड, विद्यार्थी): एवढा अफाट समुद्र, थोड्याशा उष्णतेने त्याला काय होणार?

उष्णता थोडीशी नाही. हरितगृह वायूंमुळे साठलेल्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक महासागरांनी शोषली आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, शिवाय वरचा ऊबदार थर खालच्या पाण्यात मिसळेनासा होतो. अरबी समुद्रात साधारण 200 ते 1000 मीटर खोलीवर प्राणवायूची मुळातच टंचाई आहे, त्यात ही भर. तापलेलं पाणी वादळांनाही बळ देतं. मे 2021 मधलं तौक्ते चक्रीवादळ तुला आठवत असेल. आणि हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्रातच मुरतो. त्याने पाण्याचा सामू (pH, हा जितका कमी तितकी आम्लता जास्त) 8.2 वरून 8.1 वर आला. आकडा किरकोळ वाटतो, पण आम्लता जवळपास 30 टक्क्यांनी वाढली. कालवांना, शिंपल्यांना कवच घडवणं त्यामुळे जड जातं.

प्रश्न (गिरगाव): माशांतून प्लास्टिक पोटात जातं म्हणे. मासे सोडावेत का?

सोडू नका. सूक्ष्म प्लास्टिक मुख्यतः माशाच्या आतड्यात सापडतं, आणि सुरमई-हलवा आपण पोट साफ करूनच शिजवतो. जवळा अख्खा खातो, तिथे शक्यता जास्त. तो नीट निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवा. आतलं त्याने जात नाही, वर चिकटलेले तंतू मात्र निघतात.