सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर होतात तेव्हा

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुला शिकवायला मिळालेली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली सरकारी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी मिळून वीसेक मुलं. "मुलं कच्ची आहेत," असं पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगेल. नेमकी कुठे कच्ची, ते तुलाच काढावं लागेल.

त्यासाठी सरासरी गुणांचा उपयोग नाही. एकेकाला शेजारी बसवून वाचून घे. आधी दुसरीच्या पातळीचा उतारा. अडखळलं तर चार सोपी वाक्यं, मग शब्द, मग अक्षरं. माणशी चार मिनिटं, दोन सकाळींत होतं. चौथीतलं मूल शब्दांवर अडकलं, तर रोज एक तास ते शब्दवाल्यांतच बसेल, इयत्ता विसर. तीन आठवड्यांनी पुन्हा वाचून घेऊन गट बदल. नाही बदललेस तर वर्गात 'ढ' मुलांचा कोपरा तयार होतो, आणि तो मुलांना तुझ्याआधी कळतो.

चूक खोडण्याआधी ती वाच. सत्तेचाळीस सांगितल्यावर ७४ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. मराठीत सात आधी ऐकू येतात, म्हणून आधी लिहिले जातात. माडाच्या हिरांच्या, म्हणजे झावळीच्या काड्यांच्या, दहा-दहाच्या जुड्या बांध: चार जुड्या डावीकडे, सात सुटे हीर उजवीकडे, मग आकडा. ५२ मधून १७ वजा करून ४५ आणणारं मूल एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढतं. त्याच्यासमोर एक जुडी सोड. दोनाचे बारा झालेले त्याला दिसू देत.

घरी कोंकणी बोलणारं मूल 'पाणी' वाचताना 'उदक' म्हणेल. त्याला अर्थ कळलाय. कन्नड बोलणारं 'माझा पुस्तक' म्हणेल, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना एकच लिंग. वाचताना टोकू नकोस, नंतर सांग.

हजेरी मात्र रोज बघ. काजूच्या हंगामात काही मुलं बोंडू गोळा करायला जातात, मजुरांची मुलं गावी. सहा दिवसांच्या आठवड्यात एक दिवस बुडणारं मूल वर्षाचा सहावा हिस्सा गमावतं. चिठ्ठी पाठवू नकोस, संध्याकाळी घरी जा. दिवसा आई कामावर असते.

गृहपाठ एकच: घरी कोणाला तरी एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याला वाचता येत नसलं तरी चालतं.

सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात पुन्हा वाचून घे. सुट्टीआधी उतारा वाचणारं एखादं मूल शब्दांवर घसरलेलं सापडेल. नव्या पुस्तकाचा पहिला धडा तेवढे दिवस थांबेल.

तुझा,
एक जुना मास्तर