मानेतली गुठळी ताजी की जुनी?

प्रश्न : ताई, मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. दिवाळीनंतर एके सकाळी सौद्याच्या वेळी ह्यांच्या उजव्या हातातून गुळाचा एक किलोचा रवा सुटून पडला आणि बोबडी वळली. दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला छोटा डाग दिसला आणि डॉपलरमध्ये (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) मानेतली डावी धमनी ४० टक्के अरुंद झालेली. आता हात बराच सुधारलाय, गोळ्या चालू आहेत. मुंबईचा भाचा म्हणतो, रक्तातल्या पेशींना किरणोत्सारी पदार्थ लावून परत शरीरात सोडतात, म्हणजे गुठळी ताजी आहे का ते कळतं. कर्ज काढून ह्यांना मुंबईला नेऊ का?
– एक वाचक, गंगावेश

उत्तर : वहिनी, कर्ज काढू नका.

मी आपल्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ म्हणून ३१ वर्षं काढली. भाचा सांगतोय ते काम पांढऱ्या पेशींवर शेकडो वेळा आणि प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींवर, अभ्यासासाठी, मोजक्या वेळा ह्याच हातांनी केलंय. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ती अभ्यासाची पद्धत आहे. ह्यांची पुढची गोळी कोणती, हे ठरवायला ती लागत नाही.

प्रश्न मात्र त्याने नेमका धरलाय. डॉपलरमध्ये धमनी किती अरुंद झाली ते दिसतं. त्या खडबडीत जागेवर आजही प्लेटलेट चिकटतायत का, तिथून उद्या एखादा तुकडा सुटून मेंदूकडे जाईल का, हे डॉपलरमध्ये नीट दिसत नाही. तुमच्या अडतीतल्या हजार पोत्यांतली दहा पोती कुठल्या ट्रकमध्ये चढली ते बघायचं, तर त्या दहांवर खूण करावी लागेल. इथं ती खूण इंडियम-१११ ह्या किरणोत्सारी पदार्थाची. मॅथ्यू ठाकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ह्या इंडियमने प्लेटलेटवर खूण करून दाखवली.

काम फार नाजूक. हातातून रक्त काढायचं ते गोठू नये म्हणून आधीच औषध भरलेल्या सिरिंजमध्ये. मग मशीनवर हळू फिरवायचं. लाल पेशी खाली बसतात आणि वर गढूळ पिवळं पाणी उरतं. त्यात प्लेटलेट असतात. ते जोरात फिरवलं की तळाला मसुराच्या डाळीएवढी फिकट टिकली जमते. वरचं पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, काळजीपूर्वक काढून घ्यायचा, कारण इंडियमला प्लाझ्मातलं लोह वाहणारं प्रथिन जास्त जवळचं वाटतं आणि ते पेशीला सोडून त्यालाच जाऊन बिलगतं. ट्यूब प्लास्टिकची हवी. काच लागली, थंडी लागली, जोराने हलवलं, की प्लेटलेट एकमेकींना चिकटून बसतात आणि सगळी मेहनत वाया जाते. सुरुवातीला माझ्याकडून दोनदा तसं झालं. पेशंटच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

किरणांपेक्षा मला भीती असायची ती एकाचं रक्त दुसऱ्याला जाण्याची. एका सकाळी दोन पाटील आले, दोघेही आपल्याच जिल्ह्यातले, आद्याक्षरंही तीच. घाईत ट्यूबवर नुसतं आडनाव लिहिलं गेलं होतं. मी दोन्ही नमुने टाकून दिले आणि दोघांचं रक्त परत काढलं. दोघेही चिडले, साहेबही चिडले. आजही मी तेच केलं असतं.

मग हे रोजच्या वापरात का आलं नाही? खूण केलेल्या प्लेटलेट गुठळीवर बसतात, पण त्याहून कितीतरी जास्त रक्ताबरोबर फिरतच राहतात. प्लेटलेट जगते आठ ते दहा दिवस. मानेची मोठी धमनी रक्ताने भरलेली, त्यामुळे सगळी मानच उजळ दिसते. किरण टिपणारा आपला कॅमेरा साधारण एक सेंटिमीटरचा फरक ओळखतो आणि गुठळी असते ज्वारीच्या दाण्याएवढी. एक-दोन दिवस थांबून पुन्हा फोटो काढले तरी अनेकदा छातीठोक सांगता येत नाही. फोटोत सगळ्यात ठळक दिसते ती डाव्या बरगड्यांखालची प्लीहा, कारण शरीरातल्या एक तृतीयांश प्लेटलेट तिथे मुक्कामाला असतात.

पांढऱ्या पेशींचं चित्र जास्त बोलकं निघालं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर पहिल्या दिवसातच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मेंदूच्या जखमी भागात शिरतात, हे खूण केलेल्या पेशींमुळे जिवंत माणसात बघता आलं. म्हणजे रवा हातातून सुटला त्या क्षणी ह्यांचा झटका संपला नव्हता.

आता तुमच्या घरातली गोष्ट. प्लेटलेट किती दिवस जगते हे मुळात अशाच खूण केलेल्या पेशींवरून, आधी क्रोमियम-५१ हा दुसरा किरणोत्सारी पदार्थ वापरून, मोजलं गेलं. अॅस्पिरिन एकदा प्लेटलेटला लागलं की ती मरेपर्यंत सुधारत नाही. म्हणून छोटीशी गोळी दिवसातून एकदा पुरते. पण रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट तयार होतात आणि त्यांना गोळी लागलेली नसते. सौद्याच्या गडबडीत ह्यांनी चार दिवस गोळी चुकवली, तर चिकटणाऱ्या प्लेटलेट पुन्हा पुरेशा झालेल्या असतात. गोळीची डबी गल्ल्याशेजारी ठेवा. दात काढायचा असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

४० टक्के अरुंदपणाला सहसा ऑपरेशन लागत नाही. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू, ह्या चारांकडे बघा. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, त्यासाठी ईसीजी किंवा २४ तासांचं होल्टर (अंगावर यंत्र लावून ठोक्यांची नोंद) झालंय का, ते डॉक्टरांना विचारा. ते पैसे वाया जाणार नाहीत. आणि पुन्हा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर घरी तेल चोळत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. सीटीची सोय असलेल्या दवाखान्यात थेट न्या.

प्रश्न : आईच्या आतड्यातून रक्त जात होतं म्हणून लाल पेशींचा स्कॅन केला. घरात आठ महिन्यांचा नातू आहे. आईला किती दिवस वेगळं ठेवायचं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दिवस नाहीत, तास मोजा. ह्या स्कॅनला टेक्नेशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ वापरतात. दर सहा तासांनी ते निम्मं होतं, म्हणजे २४ तासांत सोळावा हिस्सा उरतो, शिवाय काही लघवीवाटे जातं. त्या दिवशी बाळाला फार वेळ मांडीवर घेऊ नये, पाणी भरपूर प्यावं, लघवीनंतर हात स्वच्छ धुवावेत. विभागाने कागदावर काही वेगळं लिहून दिलं असेल तर ते पाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी नातू आजीकडे द्या.