पक्ष्यांचं होकायंत्र समजून घ्यायचंय? आधी मोबाइलचं कव्हर काढा

पक्ष्याच्या डोक्यात होकायंत्राची सुई असते, ही समजूत आधी सोडा. युरोपातल्या रॉबिन या लहान पक्ष्यावरच्या प्रयोगांत 1972 मध्ये दिसलं, की त्याला उत्तर-दक्षिण ओळखता येत नाही. त्याला कळतो चुंबकीय रेषांचा जमिनीशी असलेला कल, आणि त्यावरून ध्रुवाकडची बाजू कुठली, विषुववृत्ताकडची कुठली.

हा कल तुम्हीही मोजा. मोबाइलमध्ये मॅग्नेटोमीटरचं (चुंबकीय क्षेत्र मोजणारं) अ‍ॅप घ्या, चुंबकवालं कव्हर काढा, मोबाइल हवेत 8 च्या आकारात फिरवा आणि पुळणीवर लाकडी फळीवर सपाट ठेवा. दुचाकी, होडीचं इंजिन, नांगर लांब हवेत. उभा घटक (अ‍ॅपमधला Z) भागिले एकूण क्षेत्र, त्याचा व्यस्त साइन (कॅल्क्युलेटरवरचं sin⁻¹) म्हणजे कल. अलिबागला एकूण क्षेत्र सुमारे 42 मायक्रोटेस्ला, उभा घटक 18 च्या आसपास, कल साधारण 25 अंश. फारच वेगळा आकडा आला तर खाली बघा: रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत आणि सड्याखालच्या (जांभ्या पठाराखालच्या) काळ्या कातळात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं. फळी पांढऱ्या वाळूवर हलवा, पुन्हा मोजा. मुंबईतल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली, तीही ट्रामच्या विजेचा व्यत्यय नको म्हणून.

पक्ष्यांनाही असा व्यत्यय बाधतो. त्यांचं होकायंत्र बहुधा डोळ्यात असावं: रॉबिनच्या दृष्टिपटलातलं क्रिप्टोक्रोम-4 हे प्रथिन निळ्या प्रकाशात काम करतं; लाल प्रकाशात पक्षी गोंधळतात. शहरी विद्युत-गोंगाटातही तेच होतं.

एक मात्र सांभाळा. हे प्रयोग बहुतेक रात्री उडणाऱ्या लहान पक्ष्यांवरचे आहेत. खाडीतल्या चिखल्या-कुरवांना ते जसेच्या तसे लावू नका.