क्लबने अचानक अनोळखी परदेशी मॅनेजर नेमला की फुटबॉल चाहते एवढे का चिडतात?

तुमचा प्रश्न असा की, नव्या मॅनेजरचा एकही सामना न बघता लोक पहिल्याच दिवशी शिव्या घालायला लागतात, मग हा सरळसरळ परक्यांचा द्वेषच नाही का? थोडा असतो, नाही कशाला म्हणू. पण एक नेमणूक मी त्या गावात राहून पाहिली आहे, आणि तिथे राग भलत्याच गोष्टीचा होता.

२०१६ च्या सप्टेंबरात मी एमएस्सीसाठी वेल्समधल्या स्वान्सीला गेलो. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार या तालमींच्या संघांचे सामने बघत वाढलेल्या माणसाला फुटबॉलचं वेड समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे घरमालकांशी माझं पहिल्याच आठवड्यात जमलं. सत्तरीचे गृहस्थ. स्वान्सी सिटीचं जुनं मैदान म्हणजे व्हेच फील्ड. त्या जागेच्या एका भागात आता लोक भाजीचे वाफे लावतात, त्यात यांचाही एक वाफा. जिथे उभं राहून पन्नास वर्षं ओरडलो तिथेच आता कांदे काढतो, असं ते सांगायचे.

३ ऑक्टोबरला क्लबने इटालियन मॅनेजर फ्रान्चेस्को ग्विडोलिनला काढलं. त्याच दिवशी त्याचा एकसष्टावा वाढदिवस होता. सात सामन्यांत चार गुण, म्हणजे काढणं अगदीच अन्यायाचं नव्हतं. पण वाढदिवसाचा मुहूर्त बघून सगळ्यांनाच कसंतरी झालं. आणि त्याच दिवशी नवं नाव आलं, बॉब ब्रॅडली. अमेरिकन. प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल विभागातला, पहिला अमेरिकन मॅनेजर.

संध्याकाळी घरमालकांच्या स्वयंपाकघरात त्यांचे तीन मित्र जमले होते. मला वाटलं, आता अमेरिकेवर तोंडसुख घेतील. घेतलंही, दहा मिनिटं. नंतर गाडी मूळ मुद्द्यावर आली: 'आपल्याला विचारलं का कुणी?'

हे 'आपल्याला' नीट समजून घ्या, सगळी मेख त्यातच आहे. २००१-०२ मध्ये हा क्लब बुडायला आला होता. तेव्हा गावातल्या लोकांनी पैसे उभे करून तो हातात घेतला, आणि चाहत्यांच्या ट्रस्टकडे पुढे सुमारे २१ टक्के हिस्सा राहिला. मे २००३ मध्ये हलविरुद्धचा शेवटचा सामना ४-२ जिंकला म्हणून ते चौथ्या विभागातून बाहेर फेकले जायचे वाचले. तिथून आठ वर्षांत प्रीमियर लीग. ही माणसं त्या क्लबची गिऱ्हाइकं नव्हती, भागीदार होती. आणि जुलै २०१६ मध्ये बहुसंख्य हिस्सा अमेरिकन गुंतवणूकदारांकडे गेला. त्या विक्रीच्या वाटाघाटीत आपल्याला बाजूला ठेवलं, ही ट्रस्टची तक्रार ताजी असतानाच मॅनेजरही ट्रस्टला न विचारता नेमला गेला. अमेरिकन मालक, अमेरिकन मॅनेजर. शंका यायला आणखी काय लागतं?

परकेपणाचंच वावडं असतं तर आधीची यादी बघा. रॉबेर्तो मार्टिनेझ स्पॅनिश, त्याच्यावर गावाने जीव टाकला (तो क्लब सोडून विगनला गेला तेव्हा तितक्याच जिवाने शिव्याही दिल्या). पाउलो सोसा पोर्तुगीज. मायकल लाउड्रप डॅनिश, त्याने २०१३ चा लीग कप आणून दिला. खुद्द ग्विडोलिनही जानेवारी २०१६ मध्ये आला तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नव्हता, इंग्रजी मोडकंतोडकं. त्याने संघ तळातून वर काढला आणि महिनाभरात 'कोण हा?'चं 'आपला इटालियन' झालं.

शिवाय लोकांच्या मनात एक नाव आधीच बसलेलं असतं, हेही विसरू नका. तेव्हा रायन गिग्जची चर्चा जोरात होती. वेल्सचा, मँचेस्टर युनायटेडमध्ये आयुष्य काढलेला. आमचे घरमालक म्हणायचे, 'जन्मला कार्डिफमध्ये, तरी तेही चालवून घेतलं असतं.' कार्डिफ आणि स्वान्सीचं वैर ज्यांना माहीत आहे त्यांना या वाक्याचं वजन कळेल. इतकी तडजोड करून तयार बसलेल्या माणसापुढे भलतंच नाव आलं की तो नव्या माणसाची माहिती वाचत बसत नाही.

वाचली असती तर दिसलं असतं की ब्रॅडली हा कुणी रस्त्यावरून उचललेला माणूस नव्हता. तो प्रशिक्षक असताना अमेरिकेने २००९ च्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये स्पेनला २-० हरवलं आणि २०१० च्या विश्वचषकात इंग्लंड असलेल्या गटात पहिला क्रमांक काढला. पोर्ट सैदच्या स्टेडियममध्ये ७० हून अधिक माणसं मेली तेव्हा तो इजिप्तचा प्रशिक्षक होता, आणि लीग बंद पडलेल्या देशात राहून त्याने काम केलं. नंतर नॉर्वे, मग फ्रान्सच्या दुसऱ्या विभागात ल आव्र. तिथे गुण सारखे, गोलफरकही सारखा, केवळ कमी गोल केल्यामुळे बढती हुकली.

पण मैदानावर ते काही कामाला आलं नाही. ११ सामने, २ विजय, २ बरोबरी, ७ पराभव, २९ गोल खाल्ले. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ५-४ जिंकले त्या दिवशी मी क्लबच्या लिबर्टी स्टेडियममध्ये होतो. शेवटच्या मिनिटांत दोन गोल करून जिंकलेला तसला सामना मी पुन्हा पाहिलेला नाही. अनोळखी माणसांनी मला उचलून धरलं होतं. पण त्या दिवशीही बाहेर पडताना लोक म्हणत होते, चार गोल खाल्ले राव. एकदा शंका बसली की विजयातही भोकं दिसतात. मुलाखतीत तो अमेरिकन पद्धतीने पेनल्टीला 'पीके' (पेनल्टी किक) म्हणाला, बाहेरच्या सामन्याला 'रोड गेम' म्हणाला, आणि देशभर त्याची खिल्ली उडाली. इटालियनचं मोडकं इंग्रजी गोड वाटलं होतं; अमेरिकनचं अस्खलित इंग्रजी खपलं नाही. तुमचा द्वेषाचा मुद्दा इथे मी मान्य करतो.

बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, वेस्ट हॅमने घरच्या मैदानावर ४-१ ने धुतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. ८५ दिवस. खेळाडूंच्या खरेदीसाठी जी जानेवारी मिळाली असती, ती चार-पाच दिवसांवर होती. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात कर्णधार ॲशली विल्यम्स आणि आंद्रे आयू विकले गेले होते, तेही त्याच्या येण्यापूर्वी. मागून आलेल्या पॉल क्लेमेंटला ती जानेवारी मिळाली, आणि त्याने संघ वाचवला. क्लेमेंट चांगलाच होता, पण दोघांना एकाच मापाने मोजू नये.

कुणीतरी खाली प्रतिक्रियांत फ्रेंच मॅनेजर आर्सेन वेंगरचं उदाहरण देणारच, म्हणून आधीच लिहितो. १९९६ मध्ये तो जपानच्या नागोयाहून आर्सेनलला आला तेव्हा लंडनमध्ये 'आर्सेन कोण?' असा मथळा झळकला होता, आणि १९९८ मध्ये त्याने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. तसंच २०१५ मध्ये लेस्टरने इटालियन रानिएरीला आणलं तेव्हा त्यांचाच माजी खेळाडू गॅरी लिनेकरने 'खरंच?' म्हणून नाक मुरडलं, आणि पुढच्या मे महिन्यात ते चॅम्पियन. या गोष्टी सांगून लोक चाहत्यांना मूर्ख ठरवतात. मला ते पटत नाही. फसलेल्या नेमणुकांच्या गोष्टी कुणी सांगत नाही एवढंच. आमच्या पेठेत तालमीच्या कट्ट्यावर संघनिवडीवरून भांडणारी माणसं दर वेळी बरोबर असतात असं थोडंच आहे? पण ती भांडायची थांबली तर स्टेडियममध्ये येणार कोण?

ब्रॅडली पुढे अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस एफसी या क्लबला गेला आणि २०१९ मध्ये ७२ गुणांचा तेव्हाचा विक्रम करून तिथल्या लीगच्या साखळीत अव्वल आला. बातमी वाचून मी घरमालकांना मेसेज टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'चांगला माणूस होता. आम्ही घाई केली. पण पेनल्टीला पीके कोण म्हणतं?'